गिझरचा थर्मोस्टॅट बदलताना होणाऱ्या वायरिंगच्या ५ चुका आणि त्या पकडायच्या कशा

होम अप्लायन्स रिपेअरिंगचा व्यवसाय सुरू करायचाय, तर सुरुवात कशापासून करावी, असं तुमच्यापैकी बरेच जण विचारतात. अंधेरी-बोरिवली असो की घाटकोपर-मुलुंड, घरोघरी एक वस्तू हमखास सापडते, ती म्हणजे गिझर. परदेशात भिंतीवरचा थर्मोस्टॅट अख्ख्या घराचं तापमान सांभाळतो. आपल्याकडे तो गिझरच्या झाकणाखाली बसतो आणि फक्त पाण्याचं तापमान सांभाळतो. पार्ट छोटा आणि स्वस्त, काम अर्ध्या-पाऊण तासाचं. म्हणूनच नवीन मुलं यात पटकन हात घालतात, आणि इथेच चुका होतात.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा. हे बाथरूममधलं काम आहे. ओलं अंग, अनवाणी पाय आणि २३० व्होल्ट. इथली चूक म्हणजे नुसती गिऱ्हाइकाची तक्रार नाही, कुणाच्या तरी जिवाशी खेळ आहे.

आधी वायरिंगचा रस्ता समजून घ्या

साध्या स्टोरेज गिझरमध्ये फेज आधी थर्मोस्टॅटला जातो, तिथून कटआऊटमधून एलिमेंटच्या एका टोकाला. न्यूट्रल एलिमेंटच्या दुसऱ्या टोकाला. अर्थिंगची वायर थेट टाकीच्या बॉडीला. थर्मोस्टॅट रोजचं काम करतो, पाणी तापलं की बंद आणि थंड झालं की चालू. कटआऊट हा राखणदार आहे. थर्मोस्टॅट चिकटून बसला आणि पाणी प्रमाणाबाहेर तापलं, तर तो सप्लाय तोडतो. काही मॉडेलमध्ये कटआऊट दोन्ही वायर तोडतो, म्हणून उघडल्या उघडल्या मोबाईलवर फोटो काढा आणि मगच वायर सोडवा. ही सवय फुकट आहे, पण फार कामाची आहे.

काम सुरू करताना नुसता बोर्डावरचा स्विच बंद करून भागत नाही. मेन बंद करा, प्लग काढा, मग टेस्टरने तपासा. तो टेस्टर चालतोय की नाही, हे आधी दुसऱ्या चालू पॉइंटवर बघून घ्या.

चूक १ : फेज आणि न्यूट्रलची अदलाबदल

ही चूक लपून राहते, कारण गिझर व्यवस्थित चालतो! पाणी तापतं, लाईट लागते, गिऱ्हाईक खूश. पण थर्मोस्टॅट आता न्यूट्रल तोडतोय. म्हणजे तो बंद झाला तरी एलिमेंटवर फेज तसाच आहे. उद्या एलिमेंटला तडा गेला तर करंट पाण्यात उतरतो.

जुन्या बिल्डिंगमध्ये लाल-काळी-हिरवी वायर मिळेल, नव्या कॉर्डमध्ये तपकिरी-निळी-हिरवीपिवळी. लाल आणि तपकिरी म्हणजे फेज, काळी आणि निळी म्हणजे न्यूट्रल. पण रंगावर विसंबू नका, आधीच्या माणसाने काय जोडलंय ते तुम्हाला माहीत नाही. सॉकेटच्या समोर उभं राहिलं की वरचं मोठं भोक अर्थिंगचं, उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल. मल्टीमीटर लावा. फेज-न्यूट्रल साधारण २३०, फेज-अर्थ जवळपास तेवढंच, न्यूट्रल-अर्थ अगदी थोडे व्होल्ट. न्यूट्रल-अर्थमध्ये २३० दिसलं तर अदलाबदल सॉकेटमध्येच आहे, आणि बोर्डाचा स्विचही बहुधा न्यूट्रल तोडतोय.

चूक २ : कटआऊट ‘डायरेक्ट’ करणं

गिझर सारखा बंद पडतोय म्हणून कटआऊटच्या दोन वायर एकत्र जोडून टाकायच्या. हा ‘जुगाड’ कधीच करू नका. कटआऊट पडतोय म्हणजे तो तुम्हाला काहीतरी सांगतोय. कारणं शोधा: थर्मोस्टॅटचे कॉन्टॅक्ट चिकटलेत का? त्याची दांडी नळीत पूर्ण आत गेलीय का? एलिमेंटवर क्षाराचा थर आहे का? पालिकेचं तलावाचं पाणी तुलनेने मऊ असतं, पण बोअर किंवा टँकरचं पाणी वापरणाऱ्या सोसायटीत हा थर लवकर बसतो.

राखणदार काढून टाकला आणि थर्मोस्टॅटही चिकटला, तर पाणी उकळत राहतं, टाकीत दाब वाढत जातो. सेफ्टी व्हॉल्व्ह जाम असेल तर टाकी फुटू शकते.

चूक ३ : सैल जोडणी

२००० वॉटचा गिझर २३० व्होल्टवर साधारण ८.७ अँपिअर घेतो. एवढा करंट सैल थिंबलमधून गेला की जोड तापतो, प्लास्टिक वितळतं, काळं पडतं. लक्षण काय? जळका वास, आणि गिझर मधेच बंद, मधेच चालू. वायर नुसती पिळून स्क्रूखाली दाबू नका. योग्य मापाचं थिंबल क्रिम्पिंग टूलने दाबा आणि ओढून बघा. जळलेलं टोक तसंच परत वापरू नका, कापून टाका.

चूक ४ : न्यूट्रललाच अर्थिंग करणं

जुन्या घरात अर्थिंग मिळत नाही, मग सॉकेटमध्ये न्यूट्रलवरूनच एक तुकडा अर्थच्या पिनला जोडलेला असतो. दिसायला सगळं ठीक, पण मागे कुठे न्यूट्रल तुटला, तर एलिमेंटमधून फिरून फेज थेट गिझरच्या बॉडीवर येतो. शिवाय लीकेज करंट न्यूट्रलमधूनच परत जात असल्याने आरसीसीबीला तो कळतच नाही.

मीटरवर न्यूट्रल-अर्थ अगदी शून्य दिसलं तर खूश होऊ नका, सॉकेट उघडून डोळ्यांनी बघा. खरं अर्थिंग नसेल तर गिझर जोडू नका. गिऱ्हाईक रागावलं तरी चालेल.

चूक ५ : कमी ताकदीची वायर आणि प्लग

गिझरला १६ अँपिअरचा सॉकेट, स्वतंत्र लाईन, किमान २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि बोर्डात एमसीबी हवा. सोबत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. मोबाईल चार्जरच्या ६ अँपिअरच्या पॉइंटवर गिझर चालवला की आधी सॉकेट जळतो.

लक्षणावरून दोष ओळखा

- लाईटच लागत नाही: आधी सॉकेटमध्ये सप्लाय तपासा. अख्ख्या घरात नसेल तर काम तुमचं नाही, वीज कंपनीचं आहे. मुलुंड-भांडुपला महावितरण, बाकी बहुतेक उपनगरात अदाणी किंवा टाटा पॉवर.
- लाईट लागते, पाणी थंड: कटआऊट पडलाय किंवा एलिमेंट तुटलंय. वायर सोडवून मोजा. २००० वॉटच्या एलिमेंटला साधारण २६ ओहम यायला हवेत, ३००० वॉटला साधारण १८.
- चालू करताच एमसीबी पडतो: शॉर्ट आहे. वायर कुठे बॉडीला टेकलीय का बघा.
- थोडा वेळ तापल्यावर आरसीसीबी पडतो: एलिमेंटचं इन्सुलेशन गेलंय. साध्या मल्टीमीटरवर हे सुटू शकतं, ५०० व्होल्टचा मेगर लावा.

आणि झाकण लावल्यावर लगेच स्विच दाबू नका. गरम पाण्याच्या नळातून सलग धार आली म्हणजे टाकी भरली. कोरड्या टाकीत नवं एलिमेंटसुद्धा काही मिनिटांत जळतं.

यात धंदा कुठे आहे?

समजा, तुम्ही एका कामाचे ४०० रुपये मजुरी घेता. चूक राहिली आणि बोरिवलीहून परत मुलुंडला जावं लागलं, तर अर्धा दिवस गेला, पैसे मिळणार नाहीत आणि सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नाव खराब. उलट, प्रत्येक बिलावर चार आकडे लिहा: फेज-न्यूट्रल व्होल्ट, फेज-अर्थ व्होल्ट, न्यूट्रल-अर्थ व्होल्ट आणि एलिमेंटचे ओहम. दोन मिनिटांचं काम आहे. गिऱ्हाइकाला दिसतं की हा माणूस मोजून काम करतो, आणि उद्या वाद झाला तर तुमच्याकडे नोंद असते.

आणि मर्यादा ओळखा. उपकरणातला पार्ट बदलणं वेगळं, घरात नवी लाईन ओढणं वेगळं. वायरिंगचं काम परवानाधारक विद्युत ठेकेदारामार्फतच व्हायला हवं, असा नियम आहे. अशा एका ठेकेदाराशी ओळख ठेवा, अर्थिंगचं आणि नव्या लाईनचं काम त्याच्याकडे पाठवा. तोही तुमच्याकडे गिझरची कामं पाठवेल. इलेक्ट्रिकलचं शिक्षण झालं नसेल तर आधी आयटीआयचा इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन ट्रेड बघा, किंवा जाणकार मिस्त्रीच्या हाताखाली काही महिने काढा. सामानात मात्र कंजुषी नको, आयएसआय मार्क बघूनच घ्या. लोहार चाळीत फेरी मारलीत तर भावाचा अंदाजही येईल.

या आठवड्याचा गृहपाठ: पार्ट घेण्याआधी एक चांगला मल्टीमीटर घ्या आणि स्वतःच्या घरातल्या गिझरच्या सॉकेटवर वरची तीन व्होल्टेज मोजा. सुरुवात घरापासून करू या. भेटू पुढच्या भागात!