पोस्टमन की छापखाना?

पोस्टमनकाकांनी तुमच्या घरी शिव्यांनी भरलेलं पत्र आणून दिलं, तर तुम्ही त्यांच्यावर रागवाल का? नाही ना! लिहिणारा वेगळा, पोचवणारा वेगळा. आपल्या २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ७९वं कलम साधारण हेच सांगतं. व्हॉट्सॲप, फेसबुक यांसारख्या कंपन्या निरोप पोचवणाऱ्या. लोकांनी काय लिहिलं त्याची शिक्षा त्यांना नाही. मात्र त्यांनी योग्य ती काळजी घेतलेली असली पाहिजे. आता योग्य म्हणजे किती? सगळं भांडण तिथंच आहे!

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा गाव. रविवार, बाजाराचा दिवस. भिक्षा मागत हिंडणारी, नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं तिथे आली होती. ‘मुलं पळवणारी टोळी आलीय’ अशी आवई मोबाईलवरून आधीच पसरलेली. जमावाने या पाचांनाच टोळी ठरवलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत नेलं आणि मारलं. पाचही जण गेले.

त्या सुमारास एक चित्रफीत देशभर फिरत होती. मोटारसायकलवरून दोघे येतात, रस्त्यावरचं मूल उचलतात आणि पसार! खरं म्हणजे ती पाकिस्तानात, कराचीतल्या पालकांना सावध करण्यासाठी बनवलेली फीत. मूळ फितीत ते दोघे मूल परत आणून सोडतात आणि सूचनेचा फलक दाखवतात. कुणीतरी नेमका तो शेवटच कापला होता.

तेव्हा एका गटात २५६ माणसं असू शकत. बोटाच्या एका टिचकीसरशी निरोप कितीतरी गटांत जाई. पोस्टमनकाका काही एका पत्राच्या हजारो प्रती काढून वाटत नाहीत, बरं का! हे काम छापखान्याचं.

सरकारने कंपनीला खडसावलं. निरोप कुलूपबंद असतात, आम्हालाही वाचता येत नाहीत, ही कंपनीची बाजू. ते खरंच आहे. पण न वाचताही पुष्कळ करता येत होतं की! त्याच जुलैत पुढे ढकललेल्या निरोपावर तशी खूण दिसू लागली. भारतात एका वेळी पाचच ठिकाणी निरोप धाडायची मर्यादा आली. (पाच गुणिले २५६ करून पाहा. १२८० माणसं, तरीही!) एप्रिल २०२० मध्ये खूप हिंडून आलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी धाडता येईल असं ठरलं. त्यानंतर अशा निरोपांची ये-जा ७० टक्क्यांनी घटली, असं कंपनीनेच सांगितलं. मग हे आधीच का केलं नाही, असं विचारावंसं वाटतं ना?

राईनपाड्याच्या खटल्यात धुळ्याच्या न्यायालयाने २०२४ साली सात जणांना जन्मठेप दिली. पण ती आवई पहिल्यांदा उठवली कुणी? अशा वेळी पहिला निरोप धाडणारा शोधून द्या, असं सरकारच्या २०२१च्या नियमांनी मोठ्या कंपन्यांना बजावलं. त्यावर व्हॉट्सॲप दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. एकाला शोधायचं तर सगळ्यांचीच कुलपं मोडावी लागतील, असं तिचं म्हणणं. म्हणजे तुमच्या आजीने मामाला धाडलेल्या निरोपाचंसुद्धा.