जुन्या लाकडी घरांच्या भिंतींचे उष्णतारोधन

अमेरिकेच्या ईशान्य भागातील दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या अनेक लाकडी घरांच्या भिंती पोकळ आहेत. आत गिलावा, बाहेर फळ्यांचे अस्तर, अस्तरावर पाऊस झेलणारे आवरण. आणि मधल्या सुमारे ४ इंचांत केवळ हवा. आवरण जीर्ण होऊन बदलावयाचे ठरले म्हणजे गिलाव्यास हात न लावता, अस्तराला भोके पाडून कागदाच्या लगद्याचे तंतू या पोकळीत दाबून भरता येतात.

परंतु अशी पोकळ भिंत शंभर वर्षे टिकली, याचे एक कारण तिच्यातून वाया जाणारी उष्णता हेच होय. तीच उष्णता फळ्या वाळवीत असे. पोकळी भरली की अस्तर थंड पडते आणि घरातील बाष्प त्यावर जमू लागते. १९३० नंतरच्या दशकात मिनेसोटा विद्यापीठात फ्रँक रौली यांनी याच प्रश्नाचा अभ्यास केला.

तपमानाची घट प्रत्येक थराच्या रोधाच्या प्रमाणात वाटली जाते. घरात २१° से. व ४० टक्के सापेक्ष आर्द्रता असल्यास दवबिंदू सुमारे ७° येतो. बाहेर ०° आहे असे धरू. अस्तराच्या आतील बाजूचा रोध अमेरिकन मापाने १५ व बाहेरील १ असेल, तर अस्तराचे तपमान २१ × १/१६, म्हणजे जेमतेम १.३° भरते. बाहेरून अर्धा इंच जाडीचा दाट पॉलिस्टायरीन फेस (रोध २.५) लावल्यास ते ४° होते, दीड इंच (रोध ७.५) लावल्यास ७.६°, म्हणजे दवबिंदूच्या वर.

पातळ थर लावून काटकसर करणे म्हणूनच घातक. तो अस्तरास पुरेसा ऊबदार ठेवीत नाही, आणि बाष्पाला बाहेर जाण्याची वाट मात्र अडवितो. जाड थर परवडत नसेल, तर बाष्प जाऊ देणारे खनिज लोकरीचे तक्ते बरे. कुजण्याची क्रिया नव्या आवरणामागे, दृष्टीआड चालते. ती ध्यानात येईतो खांबही गेलेले असतात.

बाष्प मुख्यतः झिरपत्या हवेबरोबर येते, तेव्हा फटी आधी बुजवाव्यात. चिनीमातीच्या खुंट्यांवरील जुन्या विजेच्या तारा चालू असतील, तर पोकळी भरण्यापूर्वी त्या बदलणे अवश्य आहे. १९७८ पूर्वीच्या रंगात शिसे असण्याचा संभव असल्याने आवरण उतरविताना धूळ उडू देऊ नये. नवे आवरण उभ्या पट्ट्यांवर ठोकावे, म्हणजे मागे शिरलेले पाणी निथळून जाते. खिडक्यांभोवतीची पत्र्याची झाकणे वाढलेल्या जाडीनुसार नव्याने बसवावी लागतात.