महिनाअखेरच्या अहवालासाठी कीबोर्डची मोजकी बटणं

तायांनो, पंचसूत्रीतलं पाचवं सूत्र म्हणजे नियमित लेखे. बैठक, बचत, कर्ज, परतफेड ही चार सूत्रं बाया वर्षानुवर्षं चोख पाळतात. पाचव्यापाशी मात्र गाडी अडते. त्यातही आता रजिस्टरसोबत कॉम्प्युटर आला. मग बऱ्याच गावांत काय होतं, की लिहिलेला कागद गावातल्या एखाद्या पोराकडे द्यायचा आणि त्यानं टाईप करून आणलं की सही करायची. आकडा चुकला तर ते कळायलाच दोन महिने जातात. हिशोब आपल्या पैशाचा आहे, तर तो आपल्याच हातानं कॉम्प्युटरवर चढला पाहिजे. त्यासाठी मोठा कोर्स केलाच पाहिजे असं नाही. आठ-दहा बटणं नीट ओळखीची झाली तरी महिन्याचं बरंच काम निघतं.

पहिलं बटण लाईन जाण्यासाठी. रामटेक असो की भिवापूर, उन्हाळ्यात दुपारी लाईन कधी जाईल याचा भरवसा नाही. टेबलावरचा मोठा कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर नसेल तर तो जागीच बंद पडतो. एक्सेल दर 10 मिनिटांनी स्वतःची एक तात्पुरती प्रत ठेवतं, पण त्यानंतरच्या नोंदी जातातच. म्हणून कंट्रोल दाबून धरा आणि एस दाबा. झालं सेव्ह. एका गटाची नोंद संपली की कंट्रोल-एस, दुसऱ्या गटाची संपली की पुन्हा कंट्रोल-एस. चहाला उठण्याआधी तर नक्कीच.

पण थांबा, याच बटणात एक खड्डा आहे. आपण सहसा मागच्या महिन्याची फाईल उघडतो आणि त्यातच नवे आकडे भरतो, कारण नावं तयार असतात. भरून झालं की कंट्रोल-एस, आणि मागच्या महिन्याचा हिशोब पुसला गेला! ऑडिटच्या वेळी मग शोधाशोध. म्हणून जुनी फाईल उघडली की एकही आकडा बदलण्याआधी एफ12 दाबा. फाईलला नवं नाव द्या, महिना आणि वर्ष लिहून, आणि मगच भरायला लागा. काही लॅपटॉपवर एफ12 सोबत एफएन हे बटणही धरावं लागतं.

एस च्या अगदी शेजारी ए आहे. घाईत कंट्रोल-ए दाबलं गेलं तर सगळं लिखाण निवडलं जातं, आणि वर्डमध्ये पुढचं एक अक्षर टाईप केलं की सगळं पान गायब. अशा वेळी घाबरायचं नाही आणि सेव्ह करून फाईल बंदही करायची नाही. कंट्रोल-झेड दाबा, गेलेलं परत येतं. फाईल बंद केल्यावर मात्र हा उपाय चालत नाही.

कंट्रोल-सी ने नक्कल घ्यायची आणि कंट्रोल-व्ही ने चिकटवायची, हे पुष्कळ जणींना माहीत आहे. कापा-चिकटवा ही सोय लॅरी टेस्लर या अमेरिकन संगणकतज्ज्ञानं सहकाऱ्यांसोबत 1970 च्या दशकात बसवली, आणि आज जगभर तीच चालते. फक्त एक लक्षात ठेवा: खाते क्रमांक चिकटवला की पासबुकाशी एकदा ताडून पाहा.

खरा वेळ वाचतो तो एक्सेलच्या बेरजेत. समजा ग्रामसंघात 12 गट आणि गटात 10 बाया, म्हणजे 120 नावं. एका नावामागे अर्धा मिनिट वाचलं तरी तासभर वाचतो. बचतीच्या रकान्याखालच्या रिकाम्या चौकटीत जा, ऑल्ट धरून बरोबरचं चिन्ह दाबा आणि एंटर. बेरीज हजर. पण मध्येच एखादी चौकट रिकामी असेल, तर ही बेरीज तिच्या खालच्याच आकड्यांची होते, वरचे राहून जातात. म्हणून ज्या ताईनं या महिन्यात बचत दिली नाही तिच्यासमोर जागा मोकळी सोडू नका, 0 लिहा. आणि चौकटीत “200 रु.” असं लिहू नका, नुसतं 200 लिहा, तेही इंग्रजी अंकांत. “रु.” जोडलं की एक्सेल त्याला आकडा नव्हे, शब्द समजतं आणि बेरजेत धरत नाही. एकूण कमी का भरते, काऊन ताळा जुळत नाही, म्हणून रात्र जागवण्यापेक्षा आधी ह्या दोन गोष्टी पाहा.

व्याजाचंही तसंच. बी रकान्यात शिल्लक कर्ज आहे आणि व्याज महिना 2 टक्के, तर सी2 मध्ये बरोबरचं चिन्ह टाकून बी2*2% लिहा. 6000 असतील तर 120 येतील. मग सी2 पासून शेवटच्या नावापर्यंत रकाना निवडा आणि कंट्रोल-डी दाबा. सगळ्यांचं व्याज एकदम निघतं. पहिलंच सूत्र चुकलं असेल तर सगळ्यांचं चुकेल, हेही खरं. वरचं एक, मधलं एक, अशी दोन नावं कॅल्क्युलेटरवर तपासून घ्यायचीच. आजची तारीख हवी तर कंट्रोल धरून अर्धविरामाचं बटण. यादीत एखादं नाव शोधायचं तर कंट्रोल-एफ. अक्षर बारीक दिसतं? कंट्रोल धरून माऊसचं चाक पुढे फिरवा. चष्म्याच्या नंबरची लाज बाळगून वाकून बसण्यात काय हशील?

आता मराठीचं. जुन्या फॉन्टमध्ये, म्हणजे कृतिदेव वगैरेमध्ये टाईप केलेलं पत्र, तो फॉन्ट नसलेल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर इंग्रजी अक्षरांचा खिचडा होऊन दिसतं. युनिकोडमध्ये लिहिलं की ही भानगड उरत नाही. कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये मराठी भाषा एकदा जोडून घ्या, मग विंडोज बटण धरून स्पेसबार दाबला की इंग्रजीचं मराठी होतं, पुन्हा दाबलं की परत इंग्रजी.

इनस्क्रिप्ट हा कीबोर्ड पहिल्यांदा अवघड वाटतो, पण त्याची मांडणी आपल्या बाराखडीसारखीच शिस्तीची आहे: स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. के वर क, आणि शिफ्ट धरून के म्हणजे ख. वाय, अर्धविरामाचं बटण, एल दाबा: बचत. सी, यू, एफ, एन, ई दाबा: महिला. जोडाक्षरासाठी मध्ये डी दाबून अक्षराचा पाय मोडायचा. के, जे, डी, पी म्हणजे कर्ज. रोज अर्धा तास सराव केला तर बोटं आपोआप वळायला लागतात. तेवढा धीर नसेल तर विंडोज 10 आणि 11 मध्ये मराठी फोनेटिकही आहे, त्यात उच्चाराप्रमाणे इंग्रजी अक्षरं दाबायची.

छापण्याआधी कंट्रोल-पी दाबून पडद्यावर पान कसं येतं ते बघा. शेवटचा रकाना दुसऱ्या पानावर गेला असेल तर पान आडवं करा, नाहीतर कागद आणि पैसे दोन्ही वाया.

संघाच्या कार्यालयातून उठताना विंडोज बटण आणि एल दाबा, पडदा कुलूपबंद होतो. बाहेरच्या सेंटरवर बसून ईमेल उघडायचा असेल तर क्रोममध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एन एकत्र दाबून वेगळी खिडकी उघडा. ती बंद केली की पासवर्ड किंवा पाहिलेली पानं तिथे राहत नाहीत. उतरवून घेतलेल्या फाईली मात्र राहतात. त्या, विशेषतः आधार आणि पासबुकाच्या प्रती, निवडून शिफ्ट-डिलीट करा, कारण नुसत्या डिलीटनं त्या रिसायकल बिनमध्ये पडून राहतात.