हवेचा हिशेब

आंध्र प्रदेशातल्या राजमहेंद्रीचे नाव शाईपेनाच्या शौकिनांना ठाऊक असते ते रत्नम यांच्या पेनांमुळे. स्वदेशीच्या हाकेला ओ देऊन के. व्ही. रत्नम यांनी 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे हाताने पेन घडवायला घेतले. त्यांनी पाठवलेले एक पेन ग्रामोद्योग संघाच्या कुमारप्पांमार्फत गांधीजींकडे पोचले. जुलै 1935 मध्ये गांधीजींनी वर्ध्याहून पत्र लिहून त्याची पोच दिली आणि परदेशी पेनांना हा चांगला पर्याय असल्याचे कळवले.

ही पेने घडतात एबोनाइटची. नैसर्गिक रबरात भरपूर गंधक मिसळून ते तासन्‌तास तापवले की हा कडक, काळा पदार्थ तयार होतो. शाईचा त्याच्यावर परिणाम होत नाही. तो हाताला गार लागत नाही, पडला तरी सहसा फुटत नाही आणि लेथवर छान कातला जातो. मात्र उन्हात राहिला तर त्याचा काळा रंग उतरून तपकिरी होतो.

कारागीर एबोनाइटच्या कांडीतून दोन तुकडे कापतो, एक दांडीचा आणि एक टोपणाचा. आधी आतून भोक पाडायचे, मग बाहेरून आकार द्यायचा. घाई केली तर ड्रिल तापते, गंधकाचा वास सुटतो, एबोनाइट मऊ पडते आणि भोक खरखरीत होते. त्यामुळे ड्रिल थोडे आत घालायचे, बाहेर काढायचे, भुसा झटकायचा आणि पुन्हा आत घालायचे. ड्रिल मध्यापासून ढळले तर दांडीची भिंत एका बाजूला पातळ होते. दांडी उघडून तोंडाशी पाहिले की हा दोष लगेच दिसतो.

पण भिंतीच्या जाडीचे एवढे काय? उत्तर पेनाच्या पोटात आहे. या पेनांत बहुधा रबरी पिशवी किंवा काडतूस नसते. ड्रॉपरने शाई थेट दांडीत भरायची. शाई संपत जाते तशी तिची जागा हवा घेते, आणि ही हवा हाताच्या उबेने फुगते. समजा, आत 2 मिलिलिटर हवा आहे आणि ती 10 अंशांनी तापली. ती जवळजवळ 0.07 मिलिलिटरने वाढेल, म्हणजे एका थेंबाहून जास्त. तेवढी शाई निबेतून कागदावर उतरणार. एबोनाइटच्या जाड भिंतीतून उष्णता सावकाश जाते, म्हणून हा धोका कमी होतो. चांगल्या पेनाचे गुपित शाईपेक्षा हवेत जास्त असते, ते असे.

म्हणूनच आटे महत्त्वाचे. दांडी आणि पकडीचा भाग जोडणारे आटे खोल, सलग आणि एकमेकांत नीट बसणारे हवेत. तिथे फट राहिली तर हवा आत शिरते, शाई बाहेर येते आणि बोटे निळी होतात.

हवेची खरी वाहतूक मात्र निबेखालच्या जिभेतून चालते. शाई खाली उतरायची तर तेवढीच हवा वर जायला हवी. अमेरिकन पेननिर्माते वॉटरमन यांनी 1884 मध्ये ज्या फीडचे, म्हणजे अशा जिभेचे, पेटंट घेतले, त्याचे मर्म हेच होते. हाताने केलेल्या जिभेतही एक खोबण आणि तिच्या तळाशी करवतीने पाडलेल्या बारीक चिरा असतात. चिरा शाई ओढतात, खोबणीतून हवा परतते. चीर जास्त रुंद झाली तर पेन गळते, फार अरुंद राहिली तर अक्षर मध्येच तुटते. एबोनाइटची जीभ गरम पाण्यात धरून निबेला दाबता येते, त्यामुळे दोघींत फट उरत नाही. साच्यातल्या प्लास्टिकच्या जिभेबाबत हे सहसा जमत नाही.

टोपणाचा हिशेबही हवेचाच. आतली बैठक पकडीच्या तोंडाशी नीट टेकली नाही तर शाई निबेवर सुकते आणि सकाळी पेन झटकावे लागते. उलट, घट्ट बसणारे टोपण झटक्याने उपसले तर आत निर्वात पोकळी होऊन शाई बाहेर ओढली जाते. आट्यांचे टोपण फिरवत हळूहळू उघडावे लागते, त्यामुळे हा दोष टळतो.

शेवटी काचपेपर, मग बफ. चकाकीला भुलू नये. जास्त बफ मारला की आट्यांच्या आणि टोपणाच्या कडा गोल होतात.

पेन विकत घेताना दुकानात दोन ओळी लिहून काही कळत नाही, कारण दांडी तेव्हा भरलेली असते. शाई एक चतुर्थांश उरेपर्यंत वापरावे, अर्धा तास सलग लिहावे, मग टोपण लावून रात्रभर ठेवावे. सकाळी पहिल्या रेघेला शाई उतरली आणि पकडीवर डाग नसला, तर कारागिराने मनापासून काम केले आहे असे समजावे.