ओल्या हवेतले रंगकाम : चुन्यापासून इमल्शनपर्यंत

कोकण किनाऱ्यावरच्या घराचा रंग किती पावसाळे टिकेल, हे डब्यापेक्षा रंगाऱ्यावर जास्त अवलंबून असते. गेल्या पन्नास वर्षांत इथल्या भिंतींनी चुना पाहिला, सिमेंटचा रंग पाहिला, डिस्टेंपर पाहिले आणि आता इमल्शन पाहत आहेत. रंग बदलला तसे रंगाऱ्याचे कसबही बदलले, पण त्याला पारखण्याच्या आपल्या सवयी मात्र जुन्याच राहिल्या. रत्नागिरी-सिंधुदुर्गात चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, काही ठिकाणी त्याहूनही जास्त. त्यात बांधकाम जांभ्याचे, म्हणजे पाणी पिणारा दगड. अशा ठिकाणी ही चूक महागात पडते.

सत्तरच्या दशकापर्यंत बहुतेक घरांना चुनाच असे. किनाऱ्यावर शिंपले भाजून केलेला चुना मिळे. तो भिजत घालायचा, गाळायचा, त्यात डिंक किंवा मीठ आणि पांढरेपणासाठी चिमूटभर नीळ घालायची आणि कुंच्याने दोन-तीन हात मारायचे. घरातली माणसेच हे काम करत, नाहीतर गावातला गवंडी करी. रंगारी भरवशाचा आहे का, हा प्रश्न फारसा पडत नसे, कारण पुढच्या वर्षी पुन्हा चुना काढायचाच असे. चुन्याचे शास्त्रही या हवेला धार्जिणे होते. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडीसारखा घट्ट होतो आणि त्यासाठी भिंतीत थोडी ओल लागते. तो तीव्र अल्कधर्मी असल्याने बुरशीला सहज थारा देत नाही. शिवाय भिंतीतली वाफ त्यातून बाहेर पडू शकते. गोवा, सावंतवाडी आणि कारवार पट्ट्यातल्या जुन्या देवळांवर ओल्या चुन्याच्या गिलाव्यात तांबडी माती वापरून केलेली कावी चित्रे आजही दिसतात, ती याच गुणांमुळे.

म्हणूनच गणपतीआधी घर रंगवण्याचा रिवाज तेव्हा निभावला. श्रावणातली दमट भिंत चुन्याला चालत होती.

मुंबईच्या पगारातून गावी पक्की घरे उभी राहू लागली आणि बाहेरच्या भिंतींवर सिमेंटचा रंग आला. ‘स्नोसेम’ हे एका कंपनीच्या मालाचे नाव, पण लोकांच्या तोंडी सगळ्याच सिमेंट रंगांना ते बसले. हा रंग लावण्याआधी भिंत भिजवावी लागते आणि लावल्यावर काही दिवस पाणी मारावे लागते, नाहीतर त्याची पूड होते. रंग मारून पैसे घेऊन निघून गेला तो कसला रंगारी? दुसऱ्या दिवशी पाणी मारायला आला तो खरा, अशी तेव्हाची साधी परीक्षा होती. आतल्या खोल्यांत डिस्टेंपर आले. आर. के. लक्ष्मण यांनी 1954 मध्ये एशियन पेंट्ससाठी काढलेला ब्रश हातात घेतलेला गट्टू दुकानोदुकानी दिसे. पण ओल असलेल्या भिंतीवर डिस्टेंपरची हाताला भुकटी लागे आणि कपाटामागे काळी बुरशी धरे.

खरा पालट नव्वदच्या दशकापासून झाला. घरोघरी इमल्शन पोहोचले, दुकानात हव्या त्या छटेचा रंग यंत्रावर मिसळून मिळू लागला, घरी कालवलेल्या लांबीच्या जागी तयार पुट्टीच्या गोण्या आल्या. इमल्शन भिंतीवर पातळ पापुद्रा धरते. भिंत आधी पूर्ण सुकलेली असेल तरच हा पापुद्रा चिकटून राहतो. आत ओल अडकली तर ती त्याला ढकलते, फुगे येतात, मग पोपडे सुटतात. गिलाव्यात खाडीची खारी वाळू गेली असेल तर क्षार फुटतात ते वेगळेच. म्हणजे भिंत भिजवण्याचे कसब मागे पडले आणि भिंत सुकण्याची वाट पाहण्याचे कसब पुढे आले. गणपतीआधी रंगाचा रिवाज मात्र तसाच चालू राहिला. चाकरमानी येण्यापूर्वी घर चकचकीत हवे म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये इमल्शन मारले जाते आणि दिवाळी येता येता पश्चिमेची भिंत पोपडे टाकू लागते.

याच काळात डब्यात रंगाऱ्यासाठी टोकन घालण्याची पद्धत रुळली. ज्या डब्यात टोकन जास्त, त्याची शिफारस करण्याचा मोह रंगाऱ्याला होऊ शकतो. त्याला दोष देण्याआधी हे लक्षात घ्यावे की मजुरी स्क्वेअर फुटावर ठरते. भिंत सुकण्याची वाट पाहण्यात जे दिवस जातात, त्यांचे पैसे कोणीच देत नाही. घाई करणारा रंगारी आपल्याच हिशेबाने घडतो.

म्हणून आज निवड करताना दराआधी काही गोष्टी पाहाव्यात. त्याने तीन पावसाळ्यांपूर्वी रंगवलेले घर विचारावे आणि ते ऑगस्टमध्ये जाऊन पाहावे. दर्शनी भाग सोडून पश्चिमेची आणि दक्षिणेची भिंत पाहावी, कारण नैर्ऋत्येच्या पावसाची झड तिथेच बसते. चांगला रंगारी आपल्या घरी आल्यावर छटेचे पुस्तक उघडण्याआधी पाणी कुठून येते ते शोधतो. पन्हळ, खिडकीवरचे छज्जे, गच्चीचा उतार, न्हाणीघरामागची भिंत तो पाहतो. गिलाव्यावर टकटक करून पोकळ जागा ओळखतो. शंका आली तर फूटभर प्लॅस्टिक भिंतीला चारही बाजूंनी चिकटवून दिवसभर ठेवतो. मागे दव धरले तर रंग थांबवतो. बुरशी नुसती कोरड्या ब्रशने झाडत नाही, ब्लीचिंगच्या पाण्याने धुऊन भिंत पुन्हा सुकू देतो. प्रायमर वगळून दर कमी करत नाही आणि इमल्शनमध्ये डब्यावर लिहिल्यापेक्षा जास्त पाणी घालत नाही.

जुना ऑइलपेंट खरवडताना तो पाणी मारून घासतो आणि मुलांना दूर ठेवतो, हेही पाहावे. घरगुती रंगांतले शिसे दशलक्षात 90 भागांवर आणणारा केंद्राचा नियम 2016 मध्ये जाहीर झाला आणि 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या थरांत शिसे असू शकते.

आपल्या बाजूनेही करार बदलायला हवा. भिंत दुरुस्त करणे आणि सुकवणे यांची मजुरी वेगळी लावावी. थोडी रक्कम पहिला पावसाळा संपेपर्यंत राखून ठेवायचे दोघांनी आधीच मान्य करावे. रंगाऱ्याला बोलवायचे ते डिसेंबर ते एप्रिलमध्ये. गणपतीला पांढरी भिंत हवीच असेल आणि गणपतीच्या खोलीला अजून चुनाच असेल, तर तेवढ्या खोलीला चुन्याचा हात मारावा.

आणि श्रावणात काम मागितल्यावर एखादा रंगारी म्हणाला, “आत्ता रंग नको, भिंत ओली आहे,” तर त्याचा फोन नंबर जपून ठेवा. हातातले काम सोडून त्याने तुमची भिंत वाचवली आहे. पुढच्या फेब्रुवारीत काम त्यालाच द्या.