पाच जहाजांत अख्खं उपनगर

२०२४ या एका वर्षात जगभरातले ३ कोटी ४६ लाख लोक क्रूझवर गेले. कॅरिबियन, भूमध्य समुद्र, अलास्का, सिंगापूर, सगळं धरून. क्रूझ कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने हा आकडा अभिमानाने मिरवला. आता मुंबईची लोकल घ्या. ती रोज साधारण ७५ लाख प्रवासी वाहते. सोमवारच्या पहिल्या गाडीपासून मोजायला बसलात तर जगाचं वर्षभराचं क्रूझ-पर्यटन शुक्रवारी दुपारी आटोपतं. रविवार मेगाब्लॉकला मोकळा राहतो. लोकलमध्ये तीच ती माणसं रोज मोजली जातात, हे खरं. पण ‘जहाजावर सात हजार माणसं असतात’ हे ऐकून बोरिवली किंवा घाटकोपरचा माणूस डोळे का विस्फारत नाही, हे कळायला एवढा हिशेब पुरेसा आहे.

क्रूझच्या जाहिराती मात्र अजून गर्दीच्याच आकड्यांनी दिपवू पाहतात. सध्याच्या सर्वांत मोठ्या जहाजांपैकी एक म्हणजे रॉयल कॅरिबियनचं ‘आयकॉन ऑफ द सीज’. फिनलंडमध्ये तुर्कूच्या गोदीत बांधलेलं, २७ जानेवारी २०२४ ला मायामीहून पहिल्या सफरीला निघालेलं. २० मजले, सात तरणतलाव, सहा घसरगुंड्या. खोलीत दोघे धरले तर ५,६१० प्रवासी, पोराबाळांसकट ठासून भरलं तर ७,६००. दिमतीला २,३५० कर्मचारी. लांबी ३६५ मीटर. १५ डब्यांची लोकल सुमारे ३२० मीटर भरते, म्हणजे आयकॉन तिच्यापेक्षा दोन डबे लांब. आणि प्रवासी? गर्दीच्या वेळी १२ डब्यांच्या गाडीत पाच हजारांपर्यंत लोक असतात. अंधेरीला आत शिरलेला माणूस दादरला उतरता आलं नाही म्हणून थेट चर्चगेटपर्यंत जातो, अशी ती गाडी. एक आयकॉन म्हणजे फार तर दीड बोरिवली फास्ट.

वेगातही फारसा फरक नाही. आयकॉन साधारण २२ नॉट्सने चालतं, म्हणजे ताशी ४० किलोमीटर. बोरिवली ते चर्चगेट हे ३४ किलोमीटर अंतर फास्ट लोकल तासाच्या आत कापते. एवढा खटाटोप करून समुद्रावर वेग मिळतो तो लोकलचाच.

मग माणूस पैसे मोजतो कशाचे? उत्तर ज्या आकड्यात आहे तो जाहिरातीत बारीक अक्षरांत असतो, आणि वाचणारा बहुतेक वेळा त्याचा अर्थ चुकीचा लावतो. आयकॉन २,४८,६६३ टनांचं आहे. हे टन वजनाचे नव्हेत. जहाजाच्या आतल्या सगळ्या बंदिस्त जागेचं ते माप आहे. ते एका ठरलेल्या सूत्राने काढतात, आणि सूत्र उलटं फिरवलं की घनमीटर हाती येतात. आयकॉनचे होतात सुमारे ७ लाख ८२ हजार घनमीटर. ७,६०० प्रवाशांत वाटले तर माणशी १०३.

लोकलचा एक डबा आतून मोजला तर साधारण पावणेदोनशे घनमीटर भरतो. बारा डब्यांचे झाले २,१००. त्यात पाच हजार माणसं. माणशी ०.४२ घनमीटर. यातच त्याची बॅग, छत्री, डबा आणि शेजाऱ्याचं कोपर. आयकॉनचा प्रवासी याच्या जवळजवळ अडीचशेपट जागेत वावरतो.

हाच हिशेब उलटा करून बघण्याचा मोह आवरत नाही. बोरिवली फास्ट जशी भरते तसं आयकॉन खालपासून वरपर्यंत, इंजिनघर आणि मुदपाकखान्यासकट भरलं, तर आत मावतात साडेअठरा लाख माणसं. २०११ च्या जनगणनेत मुंबई उपनगर जिल्ह्याची लोकसंख्या होती ९३ लाख ५६ हजार ९६२. वांद्र्यापासून दहिसर आणि कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत, तान्ह्या बाळापासून पणजोबांपर्यंत जवळजवळ सगळं उपनगर पाच जहाजांत बसतं. गंमत अशी की, बॅलार्ड पिअरच्या नव्या मुंबई आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलवर एका वेळी पाचच जहाजं लागू शकतात. अर्थात आयकॉन तिथे लागणार नाही. ते टर्मिनल ३०० मीटरपर्यंतच्या जहाजांसाठी आहे.

टर्मिनल छोटं आहे असं मात्र नाही. २० सप्टेंबर २०२५ ला पंतप्रधानांनी त्याचं उद्घाटन केलं. खर्च ५५६ कोटी, बांधकाम ४ लाख १५ हजार चौरस फूट, तपासणी आणि इमिग्रेशनचे ७२ काउंटर, वर्षाला दहा लाख प्रवाशांची सोय. दहा लाख हा आकडा दिल्लीत बसून मोठा वाटत असेल. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो, अवघी ११.४ किलोमीटरची, तेवढे प्रवासी दोन-सव्वादोन दिवसांत हलवते. पण तुलना करायची तर माणसांची करून उपयोग नाही, हे आता कळलंच आहे. ७२ काउंटरांपुढची रांग आणि घाटकोपरला मेट्रोतून उतरून लोकलच्या पुलावर चढणारी रांग यांत फरक जागेचाच आहे.

मुंबईहून आज कुटुंबासह निघायचं तर बहुतेकांच्या तोंडी नाव येतं ते ‘कॉर्डेलिया’ कंपनीचं. सप्टेंबर २०२१ पासून तिचं ‘एम्प्रेस’ हे जहाज इथून गोवा, लक्षद्वीप, कोचीकडे जातं. मुलुंड-घाटकोपरच्या गुजराती कुटुंबांसाठी कांदा-लसूण न घातलेला जैन स्वयंपाक, पोरांसाठी वेगळा विभाग, रात्री नाचगाणी. एम्प्रेस १९९० ची, फ्रान्समध्ये सां-नाझेरला बांधलेली. आधीचं नाव ‘नॉर्डिक एम्प्रेस’. लांबी २११ मीटर, माप ४८,५६३ टन. टायटॅनिक होतं ४६,३२८ टनांचं. मापाची पद्धत मधल्या काळात बदलली आहे, तरी जिला आपल्याकडे लोक ‘छोटी क्रूझ’ म्हणतात ती टायटॅनिकच्या तोडीची आहे, एवढं ध्यानात ठेवायला हरकत नाही. सूत्र उलटं फिरवलं की एम्प्रेसच्या पोटात सुमारे १ लाख ६० हजार घनमीटर जागा निघते. अठराशे प्रवाशांत माणशी ८९.

आता उपनगरातला चारशे चौरस फुटांचा वन बीएचके घ्या. साडेनऊ फुटांचं छत धरलं तर १०७ घनमीटर. राहणार चौघं, माणशी २७. तीन दिवसांच्या क्रूझवर हे कुटुंब घरातल्यापेक्षा तिपटीहून जास्त जागेत राहतं, आणि तरीही पहिल्या संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज येतो, “काका, रूम फारच लहान आहे हो.” तक्रार चुकीची नाही. आतली, खिडकी नसलेली खोली खरंच लहान असते. उरलेले घनमीटर जिन्यांत, थिएटरमध्ये, जेवणाच्या दालनांत, डेकखालच्या लांबलचक बोळांत असतात. झोपायला घरापेक्षा कमी आणि उंबऱ्याबाहेर भरपूर, हा क्रूझचा सौदा. उपनगरात नेमकं याच्या उलट चालतं. दार लावून घेतलं की जी काय मिळेल ती जागा आपली, आणि लिफ्टपासूनच कोपर लागायला सुरुवात.

एम्प्रेसच्याच वयाचं दुसरं एक जहाज तिच्याआधी मुंबईत येऊन गेलं. एप्रिल २०१९ मध्ये जलेश क्रूझेसने ‘कर्णिका’ आणली, ७०,२८५ टनांची, मूळची १९९० ची ‘क्राउन प्रिन्सेस’. करोनात कंपनी बुडाली आणि २०२० संपायच्या आत कर्णिका अलंगच्या किनाऱ्यावर भंगारात निघाली. त्याच करोनामुळे रॉयल कॅरिबियनने एम्प्रेस विकायला काढली आणि ती फिरत फिरत आपल्याकडे आली. कॉर्डेलियाने २०२५ मध्ये ‘नॉर्वेजियन स्काय’ आणि ‘नॉर्वेजियन सन’ ही दोन जहाजं भाड्याने घ्यायचं जाहीर केलं. दोन्ही पाऊण लाख टनांच्या वरची.

पण ज्या घरात पाच ते बारा वयाचं पोर आहे तिथे चर्चा सिंगापूरची असते. ‘डिस्ने अ‍ॅडव्हेंचर’ हे अख्खं जहाजच कार्टूनच्या कल्पनांवर सजवलेलं आहे. २,०८,००० टन, ३४२ मीटर, ६,७०० प्रवासी, सुमारे २,५०० कर्मचारी. पहिली सफर डिसेंबर २०२५ ला ठरली होती, ती १० मार्च २०२६ वर ढकलली गेली. वरच्या डेकवर २५० मीटरचा रोलर कोस्टर आहे, १२ डब्यांच्या लोकलएवढा लांब. सात विभाग, सात वेगवेगळ्या गोष्टींचे. तीन-चार रात्रींची सफर, आणि मध्ये एकही बंदर नाही. सिंगापूरहून निघायचं, समुद्रात फिरायचं, सिंगापूरला परत यायचं. अंधेरीच्या विमानतळावरून साडेपाच तास उडून जायचं आणि मग कुठेच न जाणाऱ्या जहाजात बसायचं, हे आजोबांना समजावून सांगणं अवघड आहे. नातवाला ते समजावून सांगावं लागत नाही.

या जहाजाचा पूर्वेतिहास मला जास्त बोलका वाटतो. जर्मनीत विस्मारच्या गोदीत ते ‘ग्लोबल ड्रीम’ नावाने आकार घेत होतं, गेंटिंग समूहासाठी, आणि नऊ हजारांहून अधिक प्रवासी डोळ्यांपुढे ठेवून. जानेवारी २०२२ मध्ये गोदीचं दिवाळं निघालं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डिस्नेने अर्धवट सांगाडा विकत घेतला. पोलाद तेच ठेवलं, माणसं दोन हजारांहून जास्त कमी केली. ज्या धंद्यात एकेक खोली विकून पैसा उभा राहतो तिथे जाणत्या कंपनीने हजारो प्रवासी सोडून दिले. मोकळी जागा विकली तर भाव जास्त येतो, हे मुंबईच्या बिल्डरला कधी सुचलेलं नाही.

समुद्रावरच्या गर्दीचा आपला जुना हिशेब याहून फार वेगळा आणि काळा आहे. कोकणी माणसाने बोटीचा प्रवास सुट्टीसाठी केला नाही, गावी जायला केला. हर्णै, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग, देवगड, मालवण. बऱ्याच ठिकाणी बोट आत समुद्रात उभी राहायची आणि पडावातून किनारा गाठावा लागायचा. बोट लागून आडवी झालेली, ट्रंकेवर डोकं टेकलेली माणसं हे त्या प्रवासाचं नेहमीचं दृश्य. १७ जुलै १९४७ ला, गटारी अमावस्येच्या दिवशी, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ काशाच्या खडकाजवळ कलंडली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. वाचली ती बरीचशी कोळ्यांच्या होड्यांमुळे. रामदास होती ४०६ टनांची. परवाना हजारावर प्रवाशांचा. त्या दिवशी बोटीवर सातशेहून जास्त माणसं होती. तिच्या बंदिस्त जागेत माणशी दीड घनमीटर. उघडा डेक या मापात धरत नाहीत, म्हणून थोडी सवलत द्या. तरीही आयकॉनवर माणशी जागा तिच्या साठ-सत्तरपट आहे.

याच रॉयल कॅरिबियनच्या ‘ओएसिस ऑफ द सीज’वर १८ लाइफबोटी आहेत, एकेकीत ३७० माणसं बसतील अशा. रामदासवरची जवळपास सगळी माणसं ‘ओएसिस’च्या दोन लाइफबोटींत मावली असती. क्रूझवर पहिल्या दिवशी सुरक्षेची कवायत असते. आपले लोक तेव्हा सेल्फी काढण्यात गुंतलेले असतात.

राहिलेले आकडे भराभर सांगून टाकतो. आयकॉनची सहा इंजिनं मिळून ६७.५ मेगावॅट वीज तयार करतात. आपल्या उपनगरांच्या मोठ्या भागाला वीज देणारं डहाणूचं केंद्र ५०० मेगावॅटचं. अशी सात-साडेसात जहाजं जोडली की एक डहाणू. आयकॉनवरच्या सर्वांत मोठ्या तलावात दीड लाख लिटर पाणी मावतं. मे महिन्यात सोसायटीच्या फाटकात उभे राहतात तसे दहा हजार लिटरचे १५ टँकर. फरक एवढाच की जहाज आपलं बहुतेक गोडं पाणी समुद्रातूनच बनवतं आणि टँकरवाल्याला फोन करायला लागत नाही. आणि किंमत? आयकॉनला सुमारे दोन अब्ज डॉलर लागले, तेव्हाच्या दराने १६ हजार कोटींच्या वर. आयकॉन पहिल्या सफरीला निघालं त्याच महिन्यात, १२ जानेवारी २०२४ ला, शिवडी ते न्हावा-शेवा अटल सेतू खुला झाला. २१.८ किलोमीटर, खर्च १७,८४० कोटी. एक पूल आणि एक जहाज, जवळपास एकाच भावात.

जगप्रदक्षिणा घडवणाऱ्या क्रूझही असतात. तीन-चार महिन्यांच्या, माणशी कित्येक लाखांच्या. पृथ्वीचा विषुववृत्तावरचा घेर ४०,०७५ किलोमीटर. बोरिवली-चर्चगेट जाऊन-येऊन ६८, वर्षाला कामाचे तीनशे दिवस धरले तर २०,४०० किलोमीटर. बोरिवलीचा पासधारक दर दोन वर्षांनी एक जगप्रदक्षिणा पुरी करतो, बहुतेक वेळा उभ्यानेच, आणि वाटेत कांदिवली-मालाड लागतात.