उंच खिडक्यांची सफाई जमिनीवरूनच

उन्हाळ्यात तांबड्या धुळीने माखलेली वरच्या मजल्याची तावदाने पुसण्यासाठी शिपाई सज्जावर उभा राहतो. हे दृश्य इतके अंगवळणी पडले आहे की, त्यातील धोका कोणाच्या ध्यानी येत नाही. वस्तुतः हे काम जमिनीवरूनही होते. बाजारातील तयार नळीदार काठ्या महाग असतात. परंतु पंधरा फुटी, सरळ व हलका बांबू पुरेसा आहे. टोकास मऊ केसांचा ब्रश पक्का बांधावा, त्याच्या माथ्याशी प्लॅस्टिकची बारीक नळी आणावी, ती बांबूस सुतळीने जागोजागी आवळावी व हाताशी लहान तोटी बसवावी. नळीचे दुसरे टोक गच्चीवरील पिंपास जोडावे. पिंपातील पाण्याची पातळी ब्रशाहून उंच हवी, अन्यथा ब्रशापर्यंत पाणी पोहोचणार नाही.

पिंपात पहिल्या सरी सोडून धरलेले, गाळलेले पावसाचे पाणी भरावे. विहिरीच्या पाण्यातील क्षार वाळल्यावर काचेवर पांढरे डाग उरतात. पावसाच्या पाण्यात ते नसल्यासारखेच असतात, त्यामुळे काच पुसावीही लागत नाही. वरून खाली घासून शेवटी नुसते पाणी सोडावे.

विजेच्या तारा जवळ असतील तेथे मात्र ही काठी मुळीच उचलू नये. ओल्या बांबूतून वीज वाहते.